जाहिरातीची भिंत

सुगंधाबाईंचा घरकुलाचा अर्ज तपासायला दाभाडकर साहेब आले आणि जीपमधूनच म्हणाले, "बाई, भिंत सिमेंटची दिसतेय. पक्क्या घराला अनुदान नाही. नाव कापतो."

नाव कापलं की आणखी एक पावसाळा गळक्या छपराखाली. तरी सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या, "कापा. पण दारात आलात, तर चहा घेऊन जा."

साहेब वाकून आत शिरले आणि थबकले. बाकी तिन्ही बाजूंना तुराट्यांचा कूड होता, वर फाटकी ताडपत्री.

"मग पुढचीच भिंत पक्की कशी?"

"ती तुमच्याच कार्यालयानं बांधली. योजनेच्या आधी योजनेची जाहिरात आली. कुडावर रंग बसेना, म्हणून तुमच्या माणसांनी भिंत उभारली आणि त्यावर 'प्रत्येकाला हक्काचं घर' असं रंगवून गेली."

साहेबांनी चहाचा कप तोंडाला लावला.

"अनुदान जमत नसेल तर राहू द्या, साहेब," सुगंधाबाई म्हणाल्या. "उरलेल्या तीन बाजूंनाही जाहिराती रंगवा. आपोआप घर होईल."

साहेबांना ठसका लागला. तो ओसरल्यावर त्यांनी अर्ज मागवला आणि तिथंच मंजुरीची सही केली.