दर्भाचा कावळा

“...आणि कावळ्याला काय कळतं हो बुवा, कोण कुठल्या लढाईत मेलं ते?”

उत्तम सरपंचाचा आवाज चढला होता. मोतीगीर बुवा चुलीपुढं भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बुवांच्या मठीखालीच नदीचा घाट. गावातली जी माणसं लढाईत गेली आणि ज्यांचे देहही परत आले नाहीत, त्यांचे पिंड सर्वपित्री अमावास्येला या घाटावर मांडायचे, ही गावाची जुनी रीत. कावळा शिवेना, तर घरच्यांनी मेलेल्याला मोठ्यानं काहीतरी कबूल करायचं. मग तो शिवतो म्हणे. आणि अगदीच नाही आला, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवायचा आणि मोकळं व्हायचं.

यंदा सगळी घरं दर्भ टेकवून दुपारीच मोकळी झाली होती. एकटी उत्तमची आई अजून बसून होती, थोरल्या हिंदुरावच्या पिंडापुढं, उपाशी. हिंदुराव उत्तरेच्या बर्फात गेला तेव्हा उत्तम तिसरीत होता.

“पुढच्या वर्षीपासून हे बंद,” उत्तम म्हणाला. “शाळेत झेंड्यापुढं दोन मिनिटं उभं राहायचं, संपलं. कुणाला वेळ आहे आता? पण आई माझं ऐकत नाही. पाण्याचा थेंब घेतला नाही तिनं. एखाद्या वर्षी तिथंच जाईल ती, बुवा... तुम्ही एक शब्द टाका. तुमचं ऐकेल.”

“एरवी शिवतो ना कावळा?”

“शिवतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी, तसं. आई काहीतरी कबूल करते, तेवढ्यात कुठला तरी येतो.”

“काय कबूल करते?”

“सगळं करून झालं. दादाच्या बायकोला अंतर देणार नाही म्हणाली, दिलं नाही. त्याच्या पोरीचं लग्न केलं. आता तिच्याकडं कबूल करायला उरलंय काय?”

“आणि तू काय केलंस?”

“मी?” उत्तमनं हातातला दर्भाचा कावळा पुढं धरला. “मी हा केला, सकाळीच. पण आई टेकवू देत नाही.”

...

बुवांनी ताटलीत भाकरी ठेवली, तिच्यावर पिठलं वाढलं.

“बस. तूही सकाळपासून उपाशी दिसतोस.”

उत्तम बसला. भूक खरंच लागली होती. तो घास मोडणार, तोच बुवांनी त्याच्या हातातून दर्भाचा कावळा काढून घेतला, भाकरीला टेकवला आणि ताटली उचलून बाजूला ठेवली.

“झालं जेवण. ऊठ.”

“थट्टा करताय, बुवा?”

बुवा पुन्हा भाकरी थापायला लागले.

उत्तमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तरातरा घाट उतरला. आज आईला उचलूनच न्यायची, असं ठरवून. खाली आई पिंडाकडं बघत पुटपुटत होती, “आता काय हवंय रे तुला? सांग की...”

तिला उचलायला वाकलेला उत्तम तसाच थांबला. तो तिच्याशेजारी टेकला. आपणही काहीतरी कबूल करावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

“दादा...”

पुढं काही येईना. याच दादावर दरवर्षी शाळेत भाषण ठोकणारा माणूस तो.

“आई,” शेवटी तो म्हणाला, “मला दादाचा चेहरा आठवत नाही गं. नुसता फोटो आठवतो.”

आणि तो रडायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, हुंदके देऊन रडला.

आईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

“हसला की डावा डोळा बारीक व्हायचा त्याचा,” ती म्हणाली. “तुला खांद्यावर बसवून इथंच पोहायला आणायचा. तू भ्यायचास, त्याचे केस ओढायचास. मग शिव्या द्यायचा तुला... लई घाण शिव्या द्यायचा.”

“कुठल्या?”

आईनं सांगितल्या. तो विचारत गेला, ती सांगत गेली.

बुवा पाण्याचा तांब्या घेऊन खाली आले, तेव्हा दिवस मावळायला टेकला होता. पिंड तसाच होता.

“नाही शिवला, बुवा,” उत्तम म्हणाला.

बुवांनी तांब्या म्हातारीपुढं ठेवला.

“बरं झालं. शिवला असता, तर तू घरी गेला असतास.”