परक्या चाकावरचे मडके

फार पूर्वी, वेणुमती नदीकाठच्या नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व तिथल्या एका कुंभाराच्या कुळात जन्माला आला. वयाने आणि हाताने पिकल्यावर लोकांनी त्याला कुंभारांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघाचा, ज्येष्ठ केले. तोवर श्रेणीत शिरकाव व्हायचा तो ओळखीपाळखीने. कुणाचा मेहुणा, कुणाचा जावई. जन्मात मातीत हात न घातलेली माणसेही कुंभार म्हणून मिरवत. बोधिसत्त्वाने हे मोडून काढले. येईल त्याने श्रेणीच्या चाकावर एका घटकेत सात मडकी काढून दाखवावी, असा नियम त्याने घातला. राजाचा पुतण्या असो की रानातला कोणी, चाक एकच. या नियमाचा त्याला अभिमान होता, आणि अभिमान वाटावा असाच तो नियम होता.

त्या नगरातली मडकी पाझरत. म्हणून तर पाणी गार राही, आणि लोक त्याचे कोण कौतुक करीत! पण वाळवंटातून जाणाऱ्या तांड्याला गार पाण्याचे काय? गेल्या वर्षी अर्ध्या वाटेतच मडकी कोरडी पडली आणि तीन माणसे तहानेने गेली.

अशात उत्तरापथाहून मिहिरक नावाचा कुंभार आला. सोबत दिवस भरत आलेली बायको आणि एक गाढव. त्याने कमरेची छोटी सुरई बोधिसत्त्वापुढे ठेवली.

"माझ्या गावच्या नदीचे पाणी आहे, स्वामी. चार महिन्यांपूर्वी भरले."

बोधिसत्त्वाने बूच काढले. सुरई गळ्यापर्यंत भरलेली होती.

"तूच घडवलीस?"

"होय. मला काम द्या. धर्मशाळेत परक्याला पंधरा दिवस राहू देतात. माझे बारा झाले. या अवस्थेत तिला पुन्हा वाटेला लावू कशी?"

बोधिसत्त्वाला त्याची दया आली, पण नियम तो नियम. त्याने मिहिरकाला चाकापुढे बसवले.

त्या नगरातले चाक जमिनीलगतचे. कुंभार उकिडवा बसे, दांड्याने चाकाला गती देई आणि मडके काढी. मिहिरक उकिडवा बसला. चाक फिरले, माती वर येऊ लागली, आणि त्याचा उजवा पाय पुढे होऊन हवेत काहीतरी चाचपू लागला. मडके लचकले. दुसऱ्याचेही तेच. घटका संपली तेव्हा सातांतले एकही धड उभे नव्हते.

जमलेले सारे कुंभार खो खो हसले. मिहिरक पुटपुटला, "आमच्याकडचे चाक वेगळे असते..."

"नाचता येईना, अंगण वाकडे!" खदिरक म्हणाला. हा श्रेणीतला सगळ्यात जाणता म्हातारा, आणि जिभेचा सगळ्यात तिखट.

बोधिसत्त्वाने नकाराची मान हलवली. मिहिरक सुरई उचलून निघून गेला.

पण जेवताना बोधिसत्त्वाला घास गोड लागेना. नवशिक्याचे हात चुकतात, हे त्याने शेकडो वेळा पाहिले होते. पण हा पाय काय शोधत होता? तो भरल्या ताटावरून उठला आणि धर्मशाळेत गेला. मिहिरक गाढवावर सामान लादत होता. त्यात एका दांड्याला जोडलेल्या दोन गोल फळ्या होत्या.

"हे काय?"

"माझे चाक. वरच्या फळीवर माती ठेवायची, खालची पायाने ढकलायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणीच्या अंगणात खड्डा खणून ते चाक बसवले गेले. सारे जमले. चाकावर बसला तो मात्र स्वतः बोधिसत्त्व.

"एका घटकेत सात मडकी," तो म्हणाला. "नियम सर्वांना एक."

त्याने पाय मारला. चाक भलत्याच दिशेला धावले. तीस वर्षे मुरलेला हात सवयीने आवळला गेला आणि मातीचा गोळा उडून थेट खदिरकाच्या गालावर बसला. हसावे की नाही, कुणाला कळेना. घटका सरली, सातांतले एकही उभे राहिले नाही. बोधिसत्त्व चिखलाच्या हातांनी उठला.

"मी कसोटीला उतरलो नाही. आता मला वेशीबाहेर घालवा."

खदिरक गाल पुसत म्हणाला, "भलतेच काय, ज्येष्ठ! तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही परक्या चाकावर बसला होता."

"आणि काल तो कुठे बसला होता?"

बोधिसत्त्व खदिरकाकडे वळला.

"अंगण खरेच वाकडे होते, खदिरका. त्याच्यासाठी. आणि ते मीच घातले होते."

मग मिहिरक आपल्या चाकावर बसला. अर्ध्या घटकेत सात मडकी ओळीने उभी राहिली.

पुढे सगळे सरळ झाले असे मात्र नाही. पहिल्या भट्टीत मिहिरकाची मडकी तडकली. "बघा!" असे कुणी म्हणण्याआधीच बोधिसत्त्वाने विचारले, "आपल्या मातीत राख किती घालायची, हे त्याला कुणी सांगितले?" कुणीच सांगितले नव्हते. जे इथल्या पोरासोरांना ठाऊक, ते सांगायचे असते हेच कुणाच्या ध्यानात आले नव्हते. खदिरक कासोटा खोचून मातीत उतरला आणि ओंजळीने राख मोजून दाखवू लागला. त्याच्या बदल्यात मिहिरकाने त्याला मडक्यांवर पाणी पाझरू न देणारी झिलई चढवायला शिकवले. मिहिरकाला मुलगी झाली ती कुंभारआळीतच, आणि तिची पहिली अंघोळ खदिरकाच्या बायकोने घातली. त्या वर्षी तांडा वाळवंट ओलांडून परतला, तेव्हा एकही माणूस कमी नव्हता.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, विहारात अंगावर घ्यायची चीवरे शिवत बसलेल्या भिक्षूंना सांगितली. दूर देशाहून आलेला एक भिक्षू आपल्या रीतीने टाके घालत होता, म्हणून बाकीचे त्याला हसले होते, आणि तो मुकाट्याने निघून जायला आपले पात्र आवरू लागला होता. कथा संपवून शास्ता म्हणाला, "तेव्हाचा मिहिरक म्हणजे आज पात्र आवरणारा हा भिक्षू. श्रेणीतले कुंभार म्हणजे तुम्ही सारे. ज्येष्ठ मीच होतो. आणि खदिरक म्हणजे, आयुष्मान, तू; आजही सगळ्यांच्या आधी हसलास. दुसऱ्याला तोलण्यापूर्वी त्याच्या जागी स्वतः बसून पाहणे, याला समानात्मता म्हणतात. मला ती एका मोडक्या मडक्याने शिकवली."

सगळ्यांच्या आधी हसलेला तो भिक्षू खाली मान घालून उठला. आपली सुई घेऊन परदेशी भिक्षूशेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे टाका कसा घालतात, मला दाखवता?"