खाऱ्या मातीवरची भेट

फार जुन्या एका रानात ती साधीच सकाळ होती. हरणी चरत होती, तेवढ्यात टिटवीने बातमी आणली, "गवेकाका काल गेले गं."

"असं कसं? आम्ही चोविसाव्या दिवशी भेटणार होतो!"

हरणी दर चौथ्या दिवशी ओढ्याकाठची खारी माती चाटायला जायची, म्हातारा गवा दर सहाव्या दिवशी. एकदा तिथे दोघांची गाठ पडली आणि छान जमलं. निघताना हरणीने ऐटीत हिशेब केला, "चार सक चोवीस! चोविसाव्या दिवशी भेटू, काका."

गवा हसला, "तुझे पाढे तुझ्यापाशी, पोरी. मी आपला येत राहीन."

टिटवी म्हणाली, "अगं, बाराव्या दिवशी ऊन आल्यापासून ते थांबले होते. 'पोरगी चार, आठ, बारा अशी येते, मी सहा, बारा असा. आज भेट होणारच,' म्हणत होते."

हरणीचा घास तोंडातच राहिला. बाराव्या दिवशी ती गेली होती. काका नसणारच, असं समजून अंधारातच माती चाटून परतली होती. उजाडेपर्यंत थांबायचं तेवढं राहून गेलं.