भातुकलीतली स्पॅनिश

एकदा एक शिष्या आपल्या गुरूवर रुसली, आणि रुसण्याचं कारण होतं स्पॅनिश भाषा. हसू नका. हल्ली तीन-चार वर्षांच्या मुलांनाही परदेशी भाषा शिकवतात, आणि शिकवणारे बिचारे तुमच्या-आमच्यासारखेच असतात.

या शिष्येचं नाव ऋजुता. स्पॅनिश ती उत्तम शिकली होती. गावातल्या बालवाडीत तिला कामही मिळालं, पण एका अटीवर: संक्रांतीपर्यंत मुलं स्पॅनिश बोलू लागली नाहीत, तर वर्ग बंद आणि नोकरीही. ऋजुता जीव तोडून शिकवू लागली. चित्र दाखवून ती सांगे, "म्हणा, आग्वा म्हणजे पाणी." मुलं पाढ्याच्या सुरात ओरडत, "आग्वा म्हणजे पाणीऽ!" पण तहान लागली की "ताई, पाणी!" म्हणूनच धावत. एका पठ्ठ्यानं तर घरी पेला पुढे करून फर्मावलं, "आई, आग्वा म्हणजे पाणी दे!"

हताश होऊन ती बालवाडीच्या वृद्ध बाईंकडे गेली. ऋजुतानं पहिलं अक्षर त्यांच्याच मांडीवर बसून गिरवलं होतं. बाईंनी सारं शांतपणे ऐकलं, चित्रांचा गठ्ठा उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

"उद्यापासून तू शिकवायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "मुलं भातुकली मांडतात ना, तिथे पाहुणी म्हणून जेवायला जायचं. बोलायचं फक्त स्पॅनिशमध्ये. आणि कुणालाही 'म्हणा' म्हणायचं नाही."

"अहो बाई, माझी नोकरी जायची वेळ आलीय, आणि मी खोटंखोटं जेवत बसू?"

"खोटंखोटं कशाला? पोटभर जेव."

ऋजुता फुरंगटली खरी, पण बाईंचा शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी ती मांडी ठोकून चुरमुऱ्यांच्या पंगतीला बसली. आता भातुकली झाली तरी पंगत मराठी माणसांची. आग्रहावाचून पाहुण्याला उठू देतील होय? "घ्या हो, लाजू नका!" करत मुलं वाढतच सुटली. ऋजुता ताटलीवर हात आडवा धरून विनवी, "पोको, पोको!" थोडंसंच, थोडंसंच. ती जितकं विनवी, तितका मुलांना चेव येई. मग ती ठसका लागल्याचं सोंग करी आणि "आग्वा! आग्वा!" म्हणून हात हलवी, की पोरांची पाण्यासाठी पळापळ. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळे. तिचा रुसवा कधी गेला, तिचं तिलाही कळलं नाही. मुलं मात्र अजून मराठीच बोलत होती.

संक्रांतीला बालवाडीचे चालक वर्ग तपासायला आले. माणूस भला, पण घाईचा. त्यांनी थेट विचारलं, "बाळांनो, पाण्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?"

सगळी चिडीचूप. ऋजुताचे डोळे भरून आले. चालक जायला उठले.

तेवढ्यात स्वानंदी नावाची चिमुरडी तिळगुळाची वाटी घेऊन आडवी आली.

"नको बाळ, मला गोड वर्ज्य आहे."

स्वानंदीनं त्यांचा हात धरला, मान तिरकी केली आणि अगदी काकुळतीनं म्हणाली, "पोको! पोको!"

आता कोण नाही म्हणेल? त्यांनी कणभर तोंडात टाकला आणि त्यांना खराच ठसका लागला. झालं! "आग्वा! आग्वा!" करत सारा वर्ग पेले घेऊन धावला. चालक ओले झाले, खोकले, हसले, आणि वर्ग चालू ठेवा म्हणाले.

मुलं घरी गेल्यावर ऋजुता बाईंजवळ येऊन बसली. "विचारलं तेव्हा मुकी, आणि आग्रहाला बोलकी. बाई, हे कसं?"

बाई म्हणाल्या, "अगं, तान्ह्या बाळाला कुणी 'म्हण' म्हणून बोलायला शिकवतं का? आपण त्याच्याशी नुसतं बोलत राहतो, उत्तराची अपेक्षा न धरता, कारण आपला जीव असतो त्याच्यावर. तू आधी त्यांच्याकडून भाषा वसूल करत होतीस. मग त्यांची पाहुणी झालीस. माणूस आपलं झालं, की त्याची बोली परकी राहत नाही."

"आणि चालकांनी वर्ग बंद केला असता तर?"

"कान धरला असता त्याचा. तोही माझ्याच हाताखालून गेलाय!"

ऋजुता खळखळून हसली.

लहानांना काही द्यायचं असेल, तर आधी त्यांच्या हातचं खावं.