निंबवेलचं बोट

"बाबा, एक करंगळी कापून हात वाचत असेल, तर कापावी की नाही?"

इनायतबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसले होते. ते धुपाटण्यातले निखारे सारखे करत होते. त्यांनी चिमूटभर लोबान टाकला, धूर वर गेला.

"कुणाची करंगळी?" मग त्यांनी विचारलं.

"कुणाची म्हणजे... हाताचीच."

"तुझी?"

विश्वंभर कापसीकर हसले. हसण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. बोरसई नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते आणि राज्यातल्या सगळ्या नगरपालिकांच्या महासंघाचेही. उद्या सकाळी मुंबईत मंत्र्यांसमोर बसून त्यांना एवढंच सांगायचं होतं, की नव्या कायद्याला महासंघाची हरकत नाही.

कायदा साधा होता. क वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात लहान गावांच्या नगरपालिका सरकारला वाटेल तेव्हा बाजूला सारता येतील आणि तिथं एक साहेब बसवता येईल. मुदत लिहिलेली नव्हती. त्याच्या बदल्यात मोठ्या गावांना कर ठरवायचा आणि माणसं नेमायचा अधिकार मिळणार होता. गेली कित्येक वर्षं विश्वंभर त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होते.

महासंघाची संमती तयार होती. सभा तेवढी व्हायची होती. ती नंतर घ्यायचं ठरलं होतं, मंजुरीपुरती. लोकशाहीवर तासभर बोलू शकणारी माणसं असा क्रम किती सहज लावतात!

"माझी नाही, बाबा. पण वेळ आली तर मी माझीही देईन."

"देशील," बाबा म्हणाले. "ती बघ, तुझी करंगळी सकाळपासून चिंचेखाली बसली आहे."

विश्वंभरांनी वळून पाहिलं.

चिंचेच्या सावलीत जयवंता गेडाम बसल्या होत्या. निंबवेलच्या नगराध्यक्षा. या कायद्याखाली ज्याची पालिका सगळ्यात आधी जाणार होती, ते गाव. गावाचं तळं त्यांच्या पालिकेनं एका कंपनीला द्यायला नकार दिला होता, तेव्हापासून निंबवेलचं नाव वरच्या कचेरीत फार घेतलं जात होतं.

मुंबईला जाताना अध्यक्ष पीराच्या टेकडीवर थांबतात, हे सगळ्या महासंघाला ठाऊक होतं. जयवंताताई एसटीनं आल्या होत्या.

"ताई, तुम्ही इथं?"

"फोन उचलत नाही तुम्ही. मग मी आली."

"कामात होतो हो."

"आमचंच काम होतं ना ते?"

विश्वंभरांबरोबर आणखी तीन नगराध्यक्ष होते. त्यातले नाना शेलूकर पुढं झाले. "ताई, उगाच मनाला लावून घेता. साहेब येईल, शिकलेला असेल. गावाचं भलंच करील."

"करील ना. चांगलाही असेल बिचारा. पण नळाला पाणी नाही आलं तर बाया घागरी घेऊन माझ्या दाराशी येतात, नाना. साहेबाच्या दाराशी शिपाई असतो."

नानांनी विश्वंभरांकडं पाहिलं.

विश्वंभरांनी घड्याळाकडं.

"आणि बोरसईची पालिका सरकारनं बरखास्त केली होती," जयवंताताई म्हणाल्या, "तेव्हा तुमच्या कचेरीसमोरच्या मांडवात माझा बाप उपाशी बसला होता. निंबवेलचं त्यात काय जात होतं? तिथंच तर महासंघ झाला, साहेब. त्या मांडवात."

विश्वंभरांना तो मांडव आठवत होता. तेव्हा ते कोवळे नगरसेवक होते आणि उपाशी माणसांना पाणी वाटत होते. त्यांनी भाषणांत तो प्रसंग अनेकदा सांगितला होता. त्यातला कुणी कुणाचा बाप असेल, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"तेव्हाची गोष्ट वेगळी," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाल्या. "तेव्हा गाव तुमचं होतं."

...

"चला, गोटा उचलू आणि निघू," नाना घाईनं म्हणाले. "उशीर होतोय."

दर्ग्याच्या ओट्याखाली एक काळा गोटा होता. वाटोळा, तळाशी बसकट. जुन्या काळी आसपासच्या नऊ गावांत तंटा झाला की गावागणिक एक माणूस इथं यायचा. नऊ जणांनी एकेक बोट लावायचं, एका दमात पीराचं नाव घ्यायचं आणि गोटा उचलायचा. मग बोलायला बसायचं. गोटा उठला नाही तर त्या दिवशी बोलणं नाही. ज्याचं बोट मागं राहिलं असेल त्याला आधी समजावून आणायचं.

आता तंटे कोर्टात जात होते. गोटा शकुनापुरता उरला होता. मुंबईला जाताना विश्वंभर तो उचलायचे, आणि एकदाही तो खाली राहिला नव्हता.

चार नगराध्यक्ष झाले. दोन ड्रायव्हर आले. फुलवाला आला, झाडलोट करणारा आला.

"एक कमी पडतोय," नाना म्हणाले.

"आहे ना," बाबा म्हणाले. "ये बेटी."

जयवंताताई पदर खोचून विश्वंभरांच्या डाव्या हाताला उभ्या राहिल्या.

"जपून हो ताई," नाना हसले. "नख तुटलं तर आमच्यावर नाव यायचं."

"तुटू द्या. बाकीचं सगळं तुम्ही तोडतच आहात."

ड्रायव्हरांनी तोंड फिरवून हसून घेतलं.

बाकीच्या सगळ्यांनी पायताणं काढली. गोट्याजवळ अनवाणीच जायचं असतं. विश्वंभरांनी चपला काढल्या नाहीत. कोल्हापुरी होत्या, नव्या होत्या, आणि काम मिनिटाचं होतं. बाबांनी त्यांच्या पायांकडं पाहिलं.

नऊ बोटं गोट्याखाली गेली.

"थांबा," बाबा म्हणाले.

सगळे थांबले.

"विश्वंभर, तिला बाजूला व्हायला सांग."

"का बाबा?"

"करंगळीशिवाय हात चालतो म्हणालास ना? चालवून दाखव."

विश्वंभरांच्या कानशिलांवर रक्त चढलं. पण चौघांसमोर माघार घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना खात्री होती. एका बाईच्या एका बोटानं असा काय फरक पडणार होता?

"ताई... जरा."

ताई बाजूला झाल्या. चिंचेपाशी जाऊन हात जोडून उभ्या राहिल्या.

"घ्या नाव!" विश्वंभर गरजले.

आठ जणांनी नाव घेतलं. गोटा हलला. वीतभर उठला. नानांनी विजयानं ताईंकडं पाहिलं.

आणि गोटा कलला.

जिथं बोट नव्हतं, तिथं कलला. मग त्या मोकळ्या जागेच्या शेजारच्या बोटावर सगळा भार आला. ते बोट विश्वंभरांचं होतं. त्यांच्या तोंडून नाव अर्धवट राहिलं, बोट निसटलं, पाय मागं गेला...

गोटा धप्पकन खाली बसला.

धूळ विरली तेव्हा विश्वंभर एका पायावर उभे होते. उजवी चप्पल पायात होती. डावीचं टोक गोट्याखाली होतं.

कुणी हसलं नाही. बोट तोंडात धरून विश्वंभर गोट्याकडं बघत राहिले.

"लागलं का?" ताईंनी विचारलं.

"नाही."

लागलं होतं.

नानांनी चप्पल ओढली. निघेना. "धरा रे, हातानंच ढकलू या."

"हात नाही," बाबा म्हणाले. "इथं बोट लावतात."

"बाबा, आता नियम जरा बाजूला ठेवा. आम्हाला निकड आहे."

"नियम बाजूला ठेवायला उद्या जाणारच आहात ना? आज राहू दे."

नानांनी चप्पल सोडली.

एक ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, माझ्या चपला घाला. मी अनवाणी चालवतो गाडी."

विश्वंभरांनी मान हलवली. नको.

ऊन ओट्यावर चढलं होतं. खाली रस्त्याला दोन्ही गाड्या उभ्या होत्या. त्यांत बसलं की संध्याकाळी मुंबई. सकाळी मंत्री, दुपारी पेढे. इतक्या वर्षांची मागणी हातात. आणि तिथं कोण विचारणार होतं, की येताना तुमच्या शेजारी कोण उभं होतं म्हणून?

त्यांनी गोट्याकडं पाहिलं. मोकळ्या जागेकडं पाहिलं. मग आपल्या सुजत चाललेल्या बोटाकडं.

क वर्ग संपला की ब वर्ग होता. ब नंतर काय, हे शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं.

"ताई," ते म्हणाले.

"हं."

"या. बोट लावा."

जयवंताताई जागच्या हलल्या नाहीत.

"सभा बोलवा, साहेब. मग लावते."

"ताई, ही काय वेळ आहे का..."

"मग कोणती? मी काही तुमच्या दारात मागायला आली नाही. मी बी निवडूनच आली आहे, तुमच्यासारखी. सगळ्या गावांना बोलवा. समोर विचारा. सगळ्यांनी मिळून निंबवेल द्यायचं ठरवलं, तर मी स्वतः चाव्या देईन साहेबाच्या हातात. पण मला विचारा तरी."

...

फुलवाला खाली बघत होता. नाना विश्वंभरांच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "मंत्री पुन्हा वेळ देणार नाहीत. मिळतंय ते जाईल. तुम्हालाच बोल लावतील सगळे."

"जाईल," विश्वंभर म्हणाले.

"मग?"

"फोन लावा, नाना. उद्या येत नाही म्हणून सांगा. आधी सभा घेणार आहोत."

"काय कारण सांगू?"

"सांगा..." विश्वंभर थांबले. "सांगा, चप्पल अडकली आहे."

नानांनी एकदा त्यांच्याकडं, एकदा बाबांकडं पाहिलं. मग फोन काढून ते ओट्याच्या टोकाला गेले. तिकडून त्यांचा आवाज येत राहिला. आधी नम्र, मग अजीजीचा, मग नुसतं हो हो. परत आले तेव्हा घाम पुसत होते.

"चिडले का?" विश्वंभरांनी विचारलं.

"हसले," नाना म्हणाले. "म्हणाले, बघतो."

ते बघतो काय असतं, हे तिथल्या चारही नगराध्यक्षांना पक्कं माहीत होतं. 

विश्वंभरांनी उजवी चप्पल काढून लांब ठेवली.

जयवंताताई आल्या, आपल्या जागी उभ्या राहिल्या. बोटं पुन्हा गोट्याखाली गेली. विश्वंभरांचं सुजलेलं बोटही गेलं.

या वेळी नाव ताईंनी उच्चारलं. बाकीच्यांनी उचललं.

गोटा सरळ वर आला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत. क्षणभर तिथं राहिला. मग हलकेच खाली आला, मूळ जागेपासून वीतभर बाजूला.

चप्पल मोकळी झाली होती. टोक चेपलं होतं. विश्वंभरांनी ती उचलली, धूळ झटकली, पायात मात्र घातली नाही.

ते बाबांसमोर येऊन खाली बसले.

"बाबा, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

"कोणत्या?"

"करंगळी कापून हात वाचत असेल तर..."

इनायतबाबांनी धुपाटण्यावर फुंकर घातली. राख उडाली, खालचा निखारा लाल झाला. त्यांनी मान वर करून गोट्याभोवती अजून उभ्या असलेल्या माणसांकडं पाहिलं. एकेकाकडं, सावकाश.

"कुठला हात, बेटा?" ते म्हणाले. "मला तर नुसती बोटंच दिसली."