सातव्या पायरीचे तळे

फार पूर्वी हेमावती नगरीत अरिंदम राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते आणि राजतळ्याची देखरेख त्यांच्याकडे होती. सारी नगरी त्या एका तळ्याचे पाणी पीत असे.

तळे मोजण्याची तिथे एक रीत होती. पावसाळा सरला की पुरोहित घाटावर जाई, पाणी सातव्या पायरीला टेकलेले पाही आणि नगारा वाजवी. झाले मोजमाप! उन्हाळ्यात अलीकडे पाणी लवकर आटे, त्याचा दोष लोक उन्हाला देत.

एके वर्षी, नगारा नुकताच वाजला असताना, कोषाध्यक्ष धनकेतूने तळ्यावरच्या डोंगराचे उरलेसुरले जंगल कोळसेवाल्यांना विकायचे ठरवले. अर्धा डोंगर आधीच बोडका झाला होता.

"दहा हजार नाणी येतील, महाराज," तो म्हणाला.

"त्यापेक्षा दोन हजार खर्चून बोडक्या उतारावर दगडी बांध घाला, गवत लावा," बोधिसत्त्व म्हणाले.

"तळे काठोकाठ भरलेय आणि अमात्यांच्या घशाला कोरड पडलीय!" धनकेतू म्हणाला. सभेत हशा पिकला. राजाने विक्रीपत्रावर उमटवायला मुद्रा हातात घेतली.

"महाराज, त्याआधी एकदा नावेत बसा," बोधिसत्त्व म्हणाले.

राजा, धनकेतू आणि बोधिसत्त्वांना घेऊन नाव तळ्याच्या मध्यावर आली. तिथे राजाच्या आजोबांचा हत्ती बुडाला होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. बोधिसत्त्वांनी उत्तरीय काढून ठेवले आणि पाण्यात उडी टाकली. राजा किंचाळला. नावाड्याने दोर फेकला.

बोधिसत्त्व उभे होते. पाणी त्यांच्या छातीला लागत होते.

राजाने वल्हे खाली खुपसले, ते चिखलात रुतले. तो बोधिसत्त्वांकडे वळला.

"हे काय आहे?"

"आपला डोंगर, महाराज. दर पावसात इथे येऊन बसतो. पायरीला मात्र पाणी तेवढेच टेकते."

"उपसायला किती लागेल?"

"पाच लाख नाणी आणि बारा वर्षे. उरलेले जंगल तुटले, तर उपसूनही उपयोग नाही."

"मी तर पायरीच पाहत होतो," धनकेतू पुटपुटला. राजाने तिथल्या तिथे विक्री मोडली आणि बांधांना दोन हजार दिले. उपशाचे पाच लाख मात्र त्याला भरावेच लागले.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, आपल्याला अन्न देणारा वृद्ध गृहपती तेव्हा राजा होता, विहाराची कोठी सांभाळणारा भिक्षू धनकेतू होता आणि अमात्य मी होतो. न दिसणारा तोटा आधी मोजते, ती प्रज्ञा."

कोठीचा भिक्षू ताडकन उठला आणि टेकडीकडे धावत सुटला. विहारामागच्या त्या टेकडीवरची झाडे त्याने त्याच सकाळी लाकूडतोड्यांना देऊन टाकली होती.