गांडुळाची कातर

बाळांनो, एखादी वस्तू उलगडून पाहिली की ती कळतेच, असं वाटतं का तुम्हाला?

शेतांना अजून बांध नव्हते, त्या काळची ही गोष्ट. एका शेळीच्या पायात रक्ताची गुठळी अडकली. पाय सुजून थंड पडला, तिला धाप लागली. जवळ तिचं करडू उभं होतं.

मातीतून गांडूळ वर आलं. त्यानं आपल्या पोटातली एक इवलीशी कातर पानावर ठेवली. “हिनं गुठळीचे दोरे कापले जातात. आत्ता एवढी एकच तयार आहे.”

झाडावरून सुगरण पक्षीण खाली उतरली. “ही कातर? हा तर गुंडाळलेला धागा! माती खाणारा तू, वीण तुला काय कळणार? काडी ओढून बघितल्याशिवाय मी घरट्यातसुद्धा शिरत नाही.”

“ओढू नकोस, ताई. घड्या पडून मधे जी खाच झाली आहे ना, तिच्यातच धार आहे.”

“राहू दे गं, मला घेऊ दे,” शेळी कण्हली.

“तुझ्याच काळजीनं बघते, बाई,” म्हणत सुगरणीनं टोक ओढलं. धागा सरळ झाला. खाच राहिली नाही, धारही राहिली नाही.

“थांब, मी परत विणते!” तिनं दिवसभर घड्या घातल्या. इवलंसं घरटं झालं, कातर काही झाली नाही. गांडूळ नवी घडवायला मातीत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवी कातर घेऊन वर आलं, तेव्हा शेळी मेली होती, आणि सुगरण चोचीत तो धागा धरून करडाजवळ बसली होती.